नदीपल्याडच्या शेजाऱ्याशी पुलाचा खर्च कसा वाटायचा?

प्रश्न असा आहे: "मी जयसिंगपूरला राहतो, नोकरी सांगलीत. कृष्णेवरच्या अंकलीच्या पुलावरून रोज जाणं-येणं. दोन्ही शहरांमध्ये रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी आणखी एक पूल हवा असं सगळे म्हणतात, पण खर्चाचं नाव निघालं की इकडचे पुढारी तिकडं बोट दाखवतात आणि तिकडचे इकडं. वाटा लोकसंख्येवर ठरवायचा, उत्पन्नावर ठरवायचा, की कुठली माणसं जास्त जातात त्यावर? याला काही शास्त्र आहे का?"

शास्त्र आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही पद्धतींपैकी कुठलीही एकटी घेतली तर बैठक चहा संपायच्या आत मोडते. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कृष्णा आणि वारणेच्या काठानं. अशा बैठकांना कोपऱ्यात नकाशाची गुंडाळी धरून बसणारा कनिष्ठ अभियंता होतो, पुढं टेबलाच्या मधोमध बसणाराही झालो. त्या अनुभवावर सांगतो.

आधी तिन्ही पद्धती तपासू. लोकसंख्या घ्या. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती आणि जयसिंगपूरची पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे दहास एक. शंभर रुपयांच्या पुलात सांगलीनं नव्वद-एक्क्याण्णव घालायचे आणि जयसिंगपूरनं नऊ. सांगलीचा नगरसेवक लगेच विचारणार, "कुपवाडच्या माणसानं यात काय म्हणून पैसे घालायचे? तो कधी जातो जयसिंगपूरला?" उत्पन्नावर वाटा ठरवलात तरी हेच, आकडे तेवढे बदलतील. आता रोज कोण जातं ते घ्या. सकाळी आठ ते अकरा अंकलीच्या पुलावर उभे राहिलात तर सांगलीकडं तोंड असलेल्या गाड्या जास्त दिसतील. कॉलेजला विश्रामबागेत येणारी पोरं, मिरजेला दवाखान्यात चाललेले पेशंट, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला निघालेले शेतकरी. मग सांगली म्हणणार, "जातात त्यांची माणसं, भरू देत त्यांनी." अशानं पन्नास हजारांच्या गावावर पुलाचा सत्तर-ऐंशी टक्के बोजा पडतो, आणि त्या गावाचं बजेट बघितलं तर त्यात पुलाचा एक खांबसुद्धा बसत नाही. एकाच पुलाचा एकाच गावावरचा वाटा एका पद्धतीनं नऊ टक्के आणि दुसरीनं सत्तर. प्रत्येक बाजू आपल्या सोयीची पद्धत उचलते आणि तिलाच न्याय म्हणते.

माझ्या मते गाठ इथं नाहीच. पुलाचा खर्च ही एक रक्कम नसते, हे आधी मान्य व्हायला हवं. अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर एकच आकडा असतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. पण त्या आकड्याच्या पोटात निदान तीन वेगळे खर्च असतात: नदीवरचे गाळे (दोन खांबांमधला पुलाचा भाग म्हणजे गाळा), दोन्ही बाजूंचे जोडरस्ते आणि त्यांची जमीन, आणि पुराच्या पाण्याला वाट ठेवण्याचा खर्च. चौथा देखभालीचा, तो त्या पानावर नसतोच, पूल उभा राहिल्यावर सुरू होतो. या चौघांची कारणं वेगळी आहेत, म्हणून भरणारेही वेगळे. सगळे एका टोपलीत घालून टक्केवारी काढायला गेलं की भांडण ठरलेलं.

नदीवरच्या गाळ्यांपासून सुरू करू, कारण ते सर्वांत सोपं. इथं मी "दोन टोकं" मोजतो. प्रत्येक फेरीला दोन टोकं असतात, एक निघण्याचं आणि एक पोचण्याचं. तुम्ही जयसिंगपूरहून सांगलीला येता तेव्हा एक टोक जयसिंगपूरचं आणि एक सांगलीचं. तुम्ही कुठं झोपता याचा त्यात संबंध नाही. तुमच्या पगारातून जयसिंगपुरात घर उभं राहतं, आणि तुमच्या कामावर सांगलीतलं दुकान किंवा हापिस चालतं. तुम्ही आला नाहीत तर नुकसान दोन्हीकडं. म्हणून दोन शहरांमधल्या फेऱ्यांचा भार निम्मा-निम्मा, माणसं कुठलीही असोत. हे बैठकीत सांगितलं की पहिली पाच मिनिटं दोन्ही बाजू चिडतात, मग हळूहळू माना हलायला लागतात, कारण याला उत्तर सापडत नाही.

पण सगळ्या फेऱ्या काही या दोन शहरांमधल्या नसतात. कोल्हापूरहून पंढरपूरला निघालेली एसटी, विजापूरकडचा ट्रक, यांचं एकही टोक सांगलीत नाही आणि जयसिंगपुरातही नाही. म्हणून वाहनं नुसती मोजून भागत नाही, ती कुठून आली आणि कुठं चालली हे विचारावं लागतं. सात दिवस, चोवीस तास मोजणी, आणि त्यातल्या काही वाहनांना थांबवून दोन प्रश्न. नंबरप्लेटवर विसंबू नका. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर आणि एमएच १० म्हणजे सांगली एवढं खरं, पण इस्लामपूरची गाडी एमएच १० आणि कागलची एमएच ०९, त्यांना या पुलाचं काय? समजा मोजणीत शंभरातली चाळीस वाहनं परभारे जाणारी निघाली. ते चाळीस टक्के राज्याच्या खात्यावर. उरलेल्या साठाचे तीस इकडं, तीस तिकडं. आता भांडायला शंभर नव्हे, साठच राहिले.

इथं अनुभवाची एक गोष्ट सांगतो. मोजणीच्याही आधी त्या रस्त्याचा दर्जा बघा. राज्याच्या रस्ते विकास योजनेत तो कशात आहे? राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, ही उतरंड आहे. राज्यमार्ग असेल तर पुलाचा मूळ खर्च बांधकाम खातं उचलू शकतं आणि तुमचा निम्मा वाद तिथंच मिटतो. दर्जा वाढवून घेणं हे नुसतं कागदाचं काम, सिमेंटची गोणीही लागत नाही. तरी त्याच्या मागं कुणी लागत नाही, कारण त्यात नारळ फोडायला मिळत नाही.

उरलेला तीस-तीसचा वाटा लहान गावाला झेपेल का? हा प्रश्न खरा आहे, पण तो वाटा ठरवण्याचा नव्हे, वाटा भरण्याचा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र केले की घोळ होतो. वाटा निम्माच ठेवा आणि भरण्याची रीत बदला. लहान नगरपालिका जोडरस्त्याची जमीन देऊ शकते, तिची किंमत वाट्यात धरता येते. हप्ते पाडून घेता येतात. महापालिकेच्या बाजूनं एक अडचण नेहमी काढतात: "आमचा पैसा हद्दीबाहेर कसा खर्च करायचा?" महापालिका अधिनियमात याची सोय आहे. खर्च साधारणपणे शहरातच करायचा, पण एकूण नगरसेवकांच्या निम्म्यांपेक्षा कमी नाहीत इतक्यांनी ठराव केला तर अधिनियमातल्या कामांसाठी बाहेरही करता येतो. म्हणजे आड येते ती इच्छा, कायदा नव्हे.

इच्छा का नसते, याचंही कारण आहे आणि ते पैशाचंच आहे. जकात होती तेव्हा पूल म्हणजे महापालिकेला कमाई. पलीकडचा माल शहरात आला की नाक्यावर पावती फाटायची. पुढं एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, आणि २०१७ ला जीएसटी आला. आता महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते आणि तिच्यात वर्षाला ठरावीक आठ टक्के वाढ धरलेली आहे. पुलावरून दुप्पट माल येवो की निम्मा, महापालिकेच्या तिजोरीत फरक नाही. पेठेतल्या व्यापाऱ्याला फायदा, राज्याला फायदा, आणि वाटा मागायचा महापालिकेकडं. उलट नदीपलीकडं काय होतं? पूल झाला की तिकडं प्लॉट पडतात, बंगले होतात, आणि घरपट्टी तिकडच्या नगरपालिकेला मिळते. म्हणून सांगलीचा माणूस कुरकुरतो तेव्हा तो अगदीच चुकीचा नसतो. वाटा मागणाऱ्यानं हे समजून घ्यावं, नुसता "मोठ्या भावानं मन मोठं करावं" असा सूर लावू नये.

अमेरिकेतलं एक उदाहरण मी बैठकांमध्ये सांगत आलोय, कारण ते आपल्यासारखंच आहे. कोलंबिया नदीच्या एका काठाला पोर्टलंड हे मोठं शहर, दुसऱ्या काठाला व्हँकुव्हर नावाचं लहान शहर, आणि दोन काठ दोन वेगळ्या राज्यांत. १९१७ साली तिथं साडेसतरा लाख डॉलर घालून पूल झाला. पोर्टलंडच्या बाजूच्या मल्टनोमा काउंटीनं साडेबारा लाख आणि पलीकडच्या क्लार्क काउंटीनं पाच लाख घातले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. वाटा सारखा नव्हता, तरी पूल झाला. वाहनाला पाच सेंट टोल, घोड्यावरच्या माणसालाही तेवढाच. जवळपास शंभर वर्षांनी तिथंच नव्या पुलाची योजना निघाली. या वेळी दोन राज्यांचा वाटा सारखा होता, पंचेचाळीस-पंचेचाळीस कोटी डॉलर. एका राज्यानं मंजुरी दिली. दुसऱ्याच्या सिनेटनं २०१३ मध्ये दिली नाही आणि योजना बुडाली. वाद कशावर होता? पुलावरून शहरी रेल्वे न्यायची की नाही, आणि टोल किती. म्हणजे असमान वाट्यानं पूल उभा राहिला आणि समान वाट्यानं कोसळला, तोही बांधायच्या आधी. पुलावरून काय जाणार, यावर एकमत नसेल तर टक्केवारी कितीही गोड असली तरी कामाची नाही.

आता जोडरस्ते. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पूल १९२९ चा, सांगली संस्थानच्या काळातला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. संस्थानचा पूल, म्हणून तिथं वाट्याचा प्रश्न आला नाही. त्याच्या शेजारी समांतर पुलाचा विषय निघाला तेव्हा गावात वाद झाला तो नदीवर नव्हे, पूल पेठेत कुठं उतरणार यावर. तसंच असतं. नदीवरचा गाळा कुणाच्या दुकानावरून जात नाही, जोडरस्ता जातो. २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यापासून जमिनीचा मोबदलाही चांगला द्यावा लागतो, आणि तसा द्यायलाच हवा. काही कामांत जोडरस्ता आणि जमीन मिळून रक्कम गाळ्यांच्या बरोबरीला येते.

माझं मत ठाम आहे: जोडरस्ता ज्याचा त्यानं करायचा. पूल आपल्या गावात कुठं उतरवायचा हे ज्यानं ठरवायचं, त्याचा खर्चही त्यानंच सोसायचा. नाहीतर काय होतं? खर्च निम्मा-निम्मा आहे म्हटल्यावर प्रत्येक गाव आपल्या बाजूला उड्डाणपूल मागतं, सर्व्हिस रोड मागतं, बाजारपेठ वाचवायला वळसा मागतं, कारण निम्मे पैसे शेजाऱ्याचे. डेन्मार्क आणि स्वीडननं कोपनहेगन आणि माल्मो यांच्यामध्ये ओरेसुंडचा पूल केला, तो २००० साली सुरू झाला. पूल दोघांचा निम्मा-निम्मा, कर्जाला दोन्ही सरकारं जामीन, कर्ज टोलमधून फिटायचं. पण आपापल्या किनाऱ्यावरचा रस्ता आणि रेल्वे ज्यानं त्यानं आपल्या कंपनीमार्फत केली. आपल्याकडंही रेल्वे फाटकाच्या जागी उड्डाणपूल करताना अशीच रीत आहे. फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या काढतात, ती लाखाच्या पुढं गेली तर खर्च रेल्वे आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा. रुळांवरचा भाग सहसा रेल्वे बांधते आणि जोडरस्ते राज्य. म्हणजे सूत्र परकं नाही, आपल्या फाटकांवर रोज चालतं.

तिसरा खर्च पुराचा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात पूल म्हणजे पुराशी व्यवहार, आणि वाट्याच्या बैठकीत याचं नावही निघत नाही.

आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा पातळी आणि पंचेचाळीसला धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढं गेलं. लोक म्हणाले, आता यापुढं पाणी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्नच्या पुढं गेलं. चार फूट, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. हा फरक पुलाच्या अंदाजपत्रकात काय करतो बघा. पुलाची उंची सर्वोच्च पूर पातळीवरून ठरते. मोठ्या नदीत, जिथं विसर्ग, म्हणजे वाहणारं पाणी, सेकंदाला तीन हजार घनमीटरच्या वर आहे, तिथं त्या पातळीच्या वर कमीत कमी दीड मीटर मोकळी जागा ठेवायला इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता सांगते. पातळी सव्वा मीटर वर गेली की पूल सव्वा मीटर उंच करायचा. एकास तीसच्या उतारानं धरलं तर एक मीटर उंचीमागं प्रत्येक बाजूला तीस मीटर रस्ता वाढतो, सव्वा मीटरला दोन्हीकडं मिळून पंचाहत्तर. ही वाढलेली लांबी कुणाच्या माथी मारायची?

आणि खरी गोष्ट याच्याही पुढं आहे. ती लांबी मातीच्या भरावावर करायची की खांबांवर? भराव स्वस्त. पण नदीच्या पूरपट्ट्यात उंच भराव म्हणजे आडवा बांध. पाणी त्याला अडतं, तुंबतं आणि मागं फुगतं. अंकली कृष्णेच्या खालच्या अंगाला आहे. वर हरिपूरला वारणा मिळते आणि त्याच्याही वर सांगली. म्हणजे अंकलीच्या आसपास भराव केला तर फुगवटा हरिपूर आणि सांगलीकडं सरकणार. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी महामार्गाच्या भरावाला विरोध करून त्याऐवजी कमानी मागितल्या, त्यामागं हेच गणित होतं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. पूर आला की आपण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं बोट दाखवतो. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि त्यावर दोन्ही राज्यांनी भांडावं, माझी ना नाही. पण आपल्याच दारात आपणच घातलेले बांध मोजायला आपण तयार नसतो.

आता वाट्याचं बोला. जयसिंगपूरच्या बाजूच्या जोडरस्त्यात भरावाऐवजी खांबांवरचे गाळे केले तर खर्च चढणार. "जोडरस्ता ज्याचा त्यानं" या माझ्याच नियमानं तो जयसिंगपूरनं द्यायचा. पण त्या गाळ्यांमुळं वाचतं कोण? सांगलीतल्या सखल भागातली घरं आणि हरिपूरची हळदीची रानं. मग जयसिंगपूर स्वस्तातला भरावच निवडणार, त्यांचं काय जातं? इथं तो नियम सोडावा लागतो. भरावाचा खर्च ज्याचा त्यानं, आणि भराव टाळण्यासाठी वाढणारा फरक ज्यांचं पाणी उतरणार त्यांनी, म्हणजे वरच्या अंगाच्या शहरानं आणि राज्यानं मिळून. मी एका बैठकीत हे मांडलं तेव्हा महापालिकेच्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, "दुसऱ्याच्या हद्दीतल्या पुलाच्या खांबांना आम्ही पैसे द्यायचे?" मी म्हटलं, "खांबांना नाही साहेब, खांबांमधल्या पोकळीला." ते हसले आणि विषय पुढं ढकलला. पैसे दिले नाहीत.

हे नुसत्या बोलण्यावर ठरत नाही. फुगवट्याचा अभ्यास करून घ्यावा लागतो: भराव असताना आणि नसताना, दोन्ही वेळा पाणी किती चढतं. तो अभ्यास पुलाच्या खर्चापुढं किरकोळ. पण तो दोन्ही शहरांनी मिळून, एकाच संस्थेकडून आणि आराखडा पक्का व्हायच्या आधी करून घ्यावा. दोघांनी दोन संस्थांकडून करून घेतला की ज्याला त्याला हवं ते उत्तर मिळतं. हे मी बघितलंय.

टोलबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. रोज ये-जा करणाऱ्यांच्या पुलावर टोल नको, असं माझं मत आहे. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांसाठी टोल लावला तेव्हा एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, आणि २०१५ च्या अखेरीस शासनानं तो रद्द केला. रोजच्या भाकरीच्या रस्त्यावर टोल टिकत नाही, एवढं आपल्या भागानं दाखवून दिलंय. त्यापेक्षा सिडनीनं केलं ते बरं. तिथल्या हार्बर ब्रिजसाठी १९२२ च्या कायद्यानं खर्चाचा तिसरा हिस्सा पुलाचा फायदा होणाऱ्या नगरपालिकांच्या जमिनींवर कर लावून उभा करायचं ठरलं. पूल पुरा व्हायला १९३२ उजाडलं, पण कर आधीच सुरू झाला होता. पुलानं ज्या प्लॉटचा भाव वाढतो, त्या प्लॉटनं थोडं द्यावं. जयसिंगपूरच्या अंगाला पूल उतरायच्या आधी जमिनी घेऊन बसलेले लोक असणारच, त्यांना हे आवडणार नाही. न आवडू दे.

आता पैसे कुणाच्या हातात द्यायचे? दोन नगरसंस्थांनी मिळून पूल बांधायला जाऊ नये. निविदा एकानंच काढावी. सरळ मार्ग म्हणजे बांधकाम खात्याकडं डिपॉझिट काम म्हणून सोपवायचं: दोघांनी आपापला हिस्सा आधी भरायचा, मग काम सुरू. यात एक खाच आहे. एकाचा हिस्सा आला आणि दुसऱ्याचा अडला तर? पैसे आलेल्या बाजूचे खांब उभे राहतात आणि नदीच्या मध्यावर सळ्या आकाशाकडं बघत बसतात. म्हणून दोघांचा पहिला हप्ता जमा होईपर्यंत कार्यारंभ आदेश द्यायचा नाही, हे करारात घाला. आणि वाढीव खर्च. काम लांबलं की दर वाढतात, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, आणि तेव्हा जुनी टक्केवारी कुणालाच आठवत नाही. उशीर ज्याच्यामुळं झाला त्यानं तो फरक सोसायचा, आणि जमिनीचा ताबा कोणत्या तारखेपर्यंत कुणी द्यायचा हे आधी लिहायचं. सांगली आणि जयसिंगपूर दोन जिल्ह्यांत आहेत, म्हणजे जिल्हा नियोजन समित्या दोन आणि पालकमंत्री दोन. पण विभागीय आयुक्त एकच, पुण्याचे. मध्यस्थ करायचा तर त्यांना करा.

आता चौथा खर्च, अंदाजपत्रकात नसलेला. मला विचाराल तर बैठकीत सगळ्यात आधी हाच घ्यावा.

आताची संहिता मोठ्या पुलाचं आयुष्य शंभर वर्षं धरते. त्या शंभर वर्षांत बेअरिंग बदलावी लागतात, सांधे बदलावे लागतात, कठडे तुटतात, पाणी काढणाऱ्या नळ्या बुजतात, सांध्यात पिंपळ रुजतो. पुरानंतर पाण्याखाली उतरून पायाभोवतीची माती किती खरवडली ते बघावं लागतं. सावित्री नदीवरचा महाडचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तो ब्रिटिश काळातला होता. ती नदी आपल्याच महाबळेश्वरात उगम पावते. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासण्यांचे आदेश निघाले आणि अनेक ठिकाणी पहिला प्रश्न हाच आला, की हा पूल कुणाचा?

मी ज्या पुलावर काम केलं त्यांतला एक पूल दोन स्थानिक संस्थांच्या हद्दीवर होता. नावं सांगत नाही. बांधकामाचा वाटा दोन वर्षं भांडून ठरला, अगदी दशांशापर्यंत. देखभालीसाठी करारात एक वाक्य होतं: "देखभाल दोन्ही संस्था संयुक्तपणे करतील." ते वाक्य मीच लिहिलं होतं, अजून टोचतं. उद्घाटन झालं, दिवे लागले. वीजबिल आलं. एकीनं आपल्या हद्दीपर्यंतच्या खांबांचं बिल भरलं, दुसरीनं भरलं नाही. तीन वर्षं पुलाचा अर्धा भाग उजेडात आणि अर्धा अंधारात. झाडू मारणारे दोन्हीकडचे, आणि दोघंही मधल्या खांबापाशी येऊन माघारी फिरायचे, म्हणून बरोबर मध्यावर कचऱ्याची वरंब झाली. पावसाळ्यात तिथलीच नळी बुजली, पाणी साचलं, सांधा गंजला. सांधा बदलायचा खर्च बांधकामाच्या मानानं काहीच नव्हता, तरी त्याला बांधकामाच्या वाट्याइतकंच भांडण झालं. कारण हद्दीची रेघ त्या सांध्याच्या हातभर अलीकडून जायची.

तेव्हापासून "संयुक्तपणे" हा शब्द मी करारात ठेवत नाही. पुलाचा मालक एक. दुरुस्ती, दिवे, झाडलोट आणि पुरानंतरची तपासणी एकाच्याच अंगावर, आणि दुसऱ्यानं दरवर्षी एप्रिलमध्ये ठरलेली रक्कम त्याच्या वेगळ्या खात्यात भरायची. तिला दरसूचीप्रमाणं वाढ. नाही भरली तर राज्याकडून येणाऱ्या अनुदानातून परस्पर वळती करायला दोघांची आधीच लेखी संमती. आणि बांधकामाच्या वेळीच दोघांनी काही रक्कम ठेव म्हणून बाजूला काढायची, जिच्या व्याजातून निदान दिवे जळतील. हे कलम दोन्हीकडच्या सभांत मंजूर झालं, तरच पुढं टक्केवारीवर बोलावं. ज्यांना दिव्याच्या बिलावर एकमत होत नाही, त्यांनी कोट्यवधींचा आकडा फोडून करायचं काय?

तुमच्यासारख्या रोज जाणाऱ्यानं काय करावं, हेही विचारलंत असं समजतो. निवेदनं देऊ नका, ती खूप झाली. आधी दोन्हीकडच्या बांधकाम विभागांकडं जाऊन त्या रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक लिहून आणा. माहितीचा अधिकार वापरा, दहा रुपयांत मिळेल. मग आठवड्यातला एक मंगळवार धरा, कारण सोमवारी आणि शनिवारी गर्दी वेगळी असते. सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला, दोन्ही दिशांनी. चार पोरं, दोन वह्या, आणि वाहन थांबलं तर दोनच प्रश्न: कुठून आलात, कुठं निघालात. फॉर्म मी करून देईन. पुलावर उभे राहू नका, पूल संपल्यावर थांबा, आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.